हातभर उड्डाण

दाजींनी उभ्या आयुष्यात हजारो माणसं आकाशात पाठवली आणि स्वतः कधी गच्चीच्या वर गेले नाहीत. गच्चीवरही जायचे ते पाण्याची टाकी भरली का एवढं बघायला, आणि खाली येताना कठडा घट्ट धरून यायचे.

दाजी हे त्यांचं नाव नव्हे. मेव्हणा त्यांना दाजी म्हणायचा, त्याचं ऐकून मैदानावरची माणसं म्हणू लागली, मग आमची घरांची अख्खी ओळ. पुढे पुढे तर त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही बिनदिक्कत दाजी म्हणू लागली, आणि दाजींच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, एवढे भाऊ आले कुठून हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आमच्या ओळीमागे जाळीचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे ग्लायडरचं मैदान. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दिसायला देखणं, अंगानं हलकं, पण आपणहून जागचं हलायचं नाही. कोणीतरी ओढून वर न्यायचं आणि वर गेल्यावर सगळं आपणच केलं असा चेहरा त्यानं करायचा. ज्याला ग्लायडर कळत नसेल त्यानं आपल्या ऑफिसात नजर टाकावी, एकदोन सापडतील.

ओढणारे दाजी. मैदानाच्या एका टोकाला जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर भलंमोठं डिझेल इंजिन बसवलेलं होतं, त्याला पोलादी तारेचं रीळ, आणि तार तुटून अंगावर आली तर म्हणून जाळीचा पिंजरा. याला विंच म्हणत. पिंजऱ्यात दाजी बसत. तारेचं दुसरं टोक मैदानाच्या पार पलीकडे, ग्लायडरच्या पोटाला अडकवलेलं. दाजी रीळ फिरवायचे, तार गुंडाळली जायची, ग्लायडर गवतावरून धावत यायचं आणि पतंगासारखं चढायचं. पुरेसं वर गेलं की आतला माणूस कडी सोडून तार टाकून द्यायचा आणि निवांत घिरट्या घालायचा.

पलीकडच्या टोकाला मेव्हणा. ग्लायडरला पोटाखाली एकच चाक, त्यामुळे उभं असताना ते एका पंखावर कलंडलेलं असतं, पेपर वाचता वाचता सोफ्यावर झोप लागलेल्या माणसासारखं. मेव्हण्यानं तो पंख उचलून सरळ धरायचा. पंख सरळ झाला म्हणजे आतला माणूस तयार. मग त्यानं मोकळा हात खाली झोपाळ्यासारखा हलवायचा, म्हणजे तारेची ढील काढा. तार ताणली की तोच हात डोक्यावरून हलवायचा, म्हणजे ओढा. ग्लायडर सुटलं की पंख धरून चार पावलं धावायचं आणि मग सोडून द्यायचा. एवढ्या लांबून हाक ऐकू येत नाही. त्यामुळे या दोघांचं उभ्या नोकरीतलं बोलणं म्हणजे एवढंच: पंख, खालचा हात, वरचा हात.

गंमत अशी, की याहून जास्त बोलायची त्यांना सवयच राहिली नाही. मेव्हणा राहायचा दोन घरं सोडून आणि जेवायला असायचा बहिणीकडे. ताटावर बसला की हात खाली हलवायचा आणि दाजी पाण्याचा जग हळूच सरकवायचे. हात डोक्यावर गेला की वहिनींनी समजायचं, भाजी वाढायची.

"तोंड दिलंय ना देवानं?" वहिनी म्हणायच्या.

"ते जेवायला लागतं, ताई," मेव्हणा म्हणायचा. त्या दिवसाचं त्याचं हे शेवटचं वाक्य असायचं.

दाजींच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती. खाली उतरलेली माणसं तडक क्लबच्या खोलीत जात, चहाचे कप घेऊन उभी राहत आणि हातांचे पंख करून सांगत, मी असा चढलो, मी असा वळलो. दाजी तिकडच्या टोकाला तार गुंडाळत बसलेले असत. एवढ्या वर्षांत त्यांना एकानंही येऊन विचारलं नाही, की दाजी, मी जमीन सोडली तेव्हा कसा दिसत होतो. आणि ते फक्त दाजींनाच ठाऊक असायचं. ग्लायडर त्यांच्याकडे समोरून येई. आधी नुसती एक आडवी रेघ, मग त्या रेघेच्या मध्यावर, चाक आणि गवत यांच्यात, उजेडाची बारीक फट. ती फट उघडताना बघायला जगात एकच खुर्ची होती, आणि तिच्यात दाजी होते. फट दिसली की त्यांच्या पोटात काहीतरी हलकं व्हायचं. मग ते पुढच्या ग्लायडरसाठी तार गुंडाळायचे.

मग व्हायचं ते झालं. मैदान सपाट, रस्त्यालगत आणि गवताखेरीज तिथे काही पिकत नव्हतं, म्हणजे प्रगतीच्या नजरेत भरायला तीन कारणं. क्लबची माणसं दुसरीकडे उडायला गेली. उंच उडणाऱ्या माणसांना तेवढं सोपं असतं. मैदानावर औद्योगिक वसाहत आली. जिथून ग्लायडर धावत सुटायचं तिथे डांबरी रस्ता झाला आणि त्याला 'उड्डाण मार्ग' असं नाव मिळालं. त्यावरून आता ताशी फार तर दहाच्या वेगानं ट्रक जायचे, कारण गतिरोधकच तेवढे होते. विमानं ठेवायच्या मोठ्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना आणि गोदाम आलं. क्लबच्या खोलीत हजेरीचं कार्ड पंच करायचं यंत्र लागलं.

जुन्या माणसांना सामावून घेऊ असं कारखान्यानं कबूल केलं होतं आणि खरंच घेतलं. दाजींना गोदामात होइस्टवर बसवलं. बटण दाबायचं, साखळी गुंडाळली जाते, बादल्यांची थप्पी माळ्यावर जाते.

"चला, म्हणजे कामात बदल नाही," वहिनी म्हणाल्या. "वर पाठवायचं आणि आपण खाली राहायचं."

मेव्हणा गेटवर लागला. ट्रक आला की आडवा दांडा उचलायचा. पहिले काही दिवस तो दांडा उचलून ट्रकबरोबर चार पावलं धावत जायचा. ड्रायव्हर घाबरून थांबायचे आणि याला काय हवंय म्हणून खाली उतरायचे.

विंच मात्र कोणाच्याच कामाचा नव्हता. गोदामामागे गवताची एक लांब पट्टी राखलेली होती. कायद्यानं थोडी हिरवळ ठेवावी लागते म्हणून ठेवली होती, कोणाला आवडते म्हणून नव्हे. तिच्या टोकाला ताडपत्रीखाली तो उभा होता. दाजी दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्या पिंजऱ्यात जाऊन बसायचे. आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून बघायचे. सुरू व्हायचं. समाधानानं बंद करून परत बादल्या वर पाठवायला जायचे.

असं छान चाललं असतं. पण कारखान्याला एक वर्ष पूर्ण झालं आणि वरच्या लोकांना इतिहासाची आठवण झाली. वसाहतीच्या दाराशी काहीतरी देखणं हवं. शेडच्या कोपऱ्यात एक जुनं दोन आसनी ग्लायडर सापडलं. त्याची डागडुजी झाली, त्याला बादल्यांचा निळा रंग लागला, पंखावर कंपनीचं चिन्ह आलं. शनिवारी कंपनीचे मोठे साहेब येणार, आधी त्यात बसून फोटो काढणार, आणि मग ग्लायडर कायमचं दारावरच्या खांबावर चढणार. ही सगळी धावपळ प्रशासनाच्या तरुण साहेबांकडे होती. ते उन्हाळ्यातही टाय सोडत नसत म्हणून त्यांना सगळे टायसाहेब म्हणत, अर्थात मागून.

दाजी त्यांच्या खोलीत गेले. खुर्ची होती, पण उभेच राहिले.

"साहेब, विमान दाराशी लावताय, छान दिसेल," दाजी म्हणाले. "पण ते उडायचं कशानं?"

"उडवायचं नाहीये, दाजी. खांबावर बसवायचंय."

"ते कळलं. पण एखाद्यानं विचारलं, हे वर कसं जायचं, तर?"

"कोणी विचारत नाही."

दाजींनी मुद्दा सोडला, मागणी सोडली नाही.

"शेजारी विंच ठेवला असता तर..."

"इतक्यात बघितलाय का तुम्ही तो विंच? गंजलाय, तेल गळतंय, आणि खरं सांगू का, तोंड बघवत नाही त्याचं. दाराशी असं काही ठेवतात का? सोमवारी भंगारवाला येतोय."

"इंजिन अजून पहिल्या झटक्यात सुरू होतं, साहेब."

"ते भंगारवाल्याला सांगा. त्याला आनंद होईल."

दाजी गेले नाहीत. उभेच राहिले. ज्यानं उभी हयात दुसऱ्याच्या इशाऱ्याची वाट बघण्यात काढली त्याला नुसतं उभं राहणं जड जात नाही. टायसाहेबांना मात्र कोणी समोर उभं असलं की फोनवर बोलता येत नसे.

"बरं, हे बघा," ते शेवटी म्हणाले, "मोठे साहेब स्वतःहून म्हणाले, की राहू द्या हा विंच, तर राहील. मी कोण नाही म्हणणारा? पण स्वतःहून. तुम्ही मध्येच गाठायचं नाही त्यांना."

म्हणजे शनिवारी मोठ्या साहेबांना विंच आवडला तर तो वाचणार, नाहीतर सोमवारी भंगारात. दाजी तडक कामाला लागले. रोज संध्याकाळी विंच घासला, पिंजऱ्याला रंग दिला, रिळावरची तार पुसून तेल लावून पुन्हा गुंडाळली. घरी येईपर्यंत कोपरापर्यंत काळे झालेले असत.

"अहो, आपल्या लग्नाच्या दिवशी तरी एवढी अंघोळ केली होती का?" वहिनींनी विचारलं.

"विंचाला घातली. मी कुठे केली?"

"तेच म्हणतेय."

बेत साधा होता. फोटोच्या वेळी इंजिन मंद चालू ठेवायचं. तो आवाज ऐकून मोठे साहेब विचारतील, हे काय वाजतंय? मेव्हणा त्यांना गवतावरून चालवत इकडे आणेल आणि पुढचं विंच स्वतः बघून घेईल. दाजींचा विंचाच्या व्यक्तिमत्त्वावर भारी विश्वास होता.

शनिवारी सकाळी गवताच्या पट्टीवर निळं ग्लायडर पंखावर कलंडून पडलं होतं. पट्टीच्या मध्यावर, थोडं कडेला, स्वागतासाठी निळ्या बादल्यांचा मनोरा रचला होता. कल्पना टायसाहेबांची. मोठे साहेब आले. पोट सुटलेले, चेहऱ्यानं गंभीर, आणि ते बसल्याशिवाय कोणी बसायचं नाही असे. त्यांना हेल्मेट घातलं, डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला. ग्लायडरमध्ये असा चष्मा कोणी कधी घातला नव्हता, पण फोटोग्राफरनं तो बरोबर आणला होता. साहेबांना पुढच्या आसनात बसवलं, पट्टे आवळले. मेव्हण्यानं पट्टे ओढून तपासले, काच लावली, काचेतल्या छोट्या खिडकीतून आत हात घालून पिवळी मूठ दाखवली.

"ही ओढू नका, साहेब. तार सुटते."

"कुठली तार?"

तार फोटोग्राफरच्या हट्टानं आली होती. नुसतं विमान मेल्यासारखं दिसतं, पुढे काहीतरी ताणलेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं पडलं. दाजींना तर आयताच आनंद झाला. तारेवरून नजर सरकत सरकत विंचापर्यंत येईल. मेव्हण्यानं कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. पलीकडे पिंजऱ्यात दाजी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि इंजिन मंद घुमत होतं.

"वाकडं दिसतंय," फोटोग्राफर म्हणाला. "तो पंख जरा उचला की कोणीतरी."

मेव्हण्यानं पंख उचलून सरळ धरला.

"आणि मागची माणसं फोटोत येताहेत. सरकवा त्यांना."

मेव्हण्याचा एक हात पंखाला गुंतलेला. दुसरा हात त्यानं खाली हलवला, म्हणजे मागे सरका. माणसं थोडी सरकली. टायसाहेब तेवढे आपला फोटो येईल अशा बेतानं तिथेच राहिले.

"अहो साहेब, तुम्हीसुद्धा," फोटोग्राफर म्हणाला. मेव्हण्यानं हात डोक्यावरून जोरात हलवला.

आता पलीकडच्या टोकाला काय दिसलं ते बघा. फोटोग्राफर दिसला नाही, टाय दिसला नाही. पंख सरळ झाला. दाजींचा हात दांड्यावर गेला. खालचा हात हलला. रीळ संथ फिरू लागलं, गवतातली तार सापासारखी सरळ होत गेली आणि ताणली. वरचा हात हलला. आत कोण बसलंय आणि कशासाठी, हे दाजींना चांगलं ठाऊक होतं. पण ते डोक्याला ठाऊक होतं. हाताला कोणी कळवलं नव्हतं.

विंचानं एकच डरकाळी फोडली आणि मोठे साहेब निघाले.

फोटोग्राफर आडवा झाला. टायसाहेब उडी मारून बाजूला झाले. मेव्हणा पंख धरून चार पावलं धावला आणि त्यानं पंख सोडून दिला, जसा कायम सोडायचा तसा. सोडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आज सोडायचा नव्हता. निळं ग्लायडर गवत कापत सुटलं. साहेब आत सरळ बसले होते, दोन्ही हात मांडीवर, मूठ ओढायची नाही असं बजावलेलं पाळत.

दाजींनी नेहमीप्रमाणे समोर बघितलं. आडवी रेघ. आणि मग रेघेच्या मध्यावर उजेडाची फट. हातभर, फार तर हातभराहून बोटभर जास्त. किती दिवसांनी. पोटात काहीतरी हलकं झालं, आणि तेव्हा कुठे डोक्याचा निरोप हाताला पोचला.

दाजींनी इंजिन बंद केलं. ग्लायडर खाली टेकलं, कडेला वळलं आणि बादल्यांच्या मनोऱ्यात घुसलं. बादल्या पोकळ होत्या, ढिगानं होत्या आणि एकमेकींत बसवलेल्या होत्या. कंपनीच्या मालाची एवढी कसून चाचणी आधी झाली नव्हती. ग्लायडरचं नाक फुटलं, एक पंख मोडला, साहेबांना ओरखडाही आला नाही.

माणसं धावली. काच उघडली. आतून हेल्मेट, मग चष्मा, मग साहेब बाहेर आले. टायसाहेबांचा चेहरा ग्लायडरपेक्षा निळा झाला होता. साहेबांनी चष्मा वर केला, मागे गवताच्या पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं,

"थोडं वर गेलं होतं ना?"

टायसाहेब त्यांच्या शर्टावरची धूळ झटकू लागले.

"माझ्या पोटात हलकं झालं," साहेब म्हणाले. "इथे. वर गेल्याशिवाय असं होणार नाही."

"गेलं होतं, साहेब," टायसाहेब म्हणाले. "दहा फूट तरी."

"वीस," कोणीतरी मागून म्हणालं. त्या माणसाची बढती अडकलेली होती.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ घातला तो सेफ्टीच्या मॅडमनी, म्हणजे त्यांनी आपलं काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की चाक जमिनीवरून सुटलं असेल तर हा विमानाचा अपघात. तो सरकारला कळवावा लागेल, माणसं येतील, बिनपरवान्याचं उड्डाण म्हणून कंपनीवर खटला होईल. चाक सुटलं नसेल तर हा आवारातला वाहनाचा अपघात, फाइल इथेच बंद. तेव्हा आधी चौकशी. आणि चौकशी होईपर्यंत विंचाला कोणी हात लावायचा नाही, जसं आहे तसं ठेवायचं.

टायसाहेबांचं मत एका रात्रीत बदललं. दहा फूट उतरून शून्यावर आले. "धक्का बसला हो साहेबांना, वर कुठलं जातंय?" ते ज्याला त्याला सांगू लागले. मोठे साहेब मात्र हटेनात. त्यांनी आतापर्यंत दोन कारखाने उभे केले होते, पण जेवणाच्या टेबलावर ते कोणी ऐकून घेत नसे. आता पाहुणे आले की ते हातांचे पंख करत. चौकशीच्या कागदावर 'उडालं नाही' असं आलं असतं, तर साहेब खोटे पडले असते. 'उडालं' असं आलं असतं, तर कंपनी कोर्टात. साहेबांना खोटं पाडायचं कोणी आणि कंपनीला कोर्टात न्यायचं कोणी, यावर चौकशी तारखेमागून तारीख पडत पुढे जाऊ लागली.

सोमवारी भंगारवाला आला. विंचाभोवती पिवळी फीत बांधलेली, 'चौकशी चालू, हात लावू नये' असा फलक लावलेला. रिकाम्या हातानं परत कसा जाणार? तो मोडकं ग्लायडर घेऊन गेला.

विमा कंपनीनं मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. निकाल काहीही लागो, चौकशी संपली की हे यंत्र आवाराबाहेर. दाजींना ते वहिनींच्या आधी कळलं आणि वहिनींच्या नंतर समजलं.

"म्हणजे चौकशी चालू आहे तोवर तुमचा विंच," वहिनी म्हणाल्या. "आणि ती संपवणार कोण?"

"मला विचारणार. समोरून बघणारा मी एकटाच होतो."

"मग?"

समोरच्या खुर्चीत मेव्हणा बसला होता. त्याचीही साक्ष व्हायची होती, आणि तो पंखाला धरून धावलेला, जवळून बघितलेला माणूस.

"तू काय सांगणार रे?" वहिनींनी त्याला विचारलं.

"मी पळत होतो, ताई. पळताना माणूस आपल्या पायांकडे बघतो."

हे त्याचं गेल्या कित्येक महिन्यांतलं सगळ्यात लांब बोलणं होतं, आणि दाजींनी त्याच्याकडे जरा आदरानं पाहिलं.

दाजींची साक्ष मॅडमनी स्वतः घेतली.

"चाक उचललं होतं की नाही, एवढंच सांगा."

"गवत वाढलेलं होतं, मॅडम."

"म्हणजे नाही दिसलं?"

"दिसलं. पण गवत दिसलं."

"गवताच्या वर काही दिसलं का?"

"इंजिनाचा हादरा असतो ना, तेव्हा सगळंच थोडं हलताना दिसतं. इंजिन चालू करून बघितलं तर सांगता येईल."

म्हणून चौकशीसाठी इंजिन चालू ठेवणं आलं. त्यासाठी डिझेल आलं, वंगण आलं. पावसानं पुरावा खराब होऊ नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर आलं. उभ्या नोकरीत ज्या विंचाला क्लबनं छप्पर दिलं नाही, त्याला ते अपघातानं मिळालं. राखायला माणूस हवा म्हणून होइस्टवरून दाजींनाच तिकडे बसवलं, कारण ज्याच्यावर चौकशी आहे त्याला दुसऱ्या यंत्रावर बसवू नये असा नियम मॅडमना सापडला. फितीच्या आत दाजी, बाहेर कंपनी.

सगळं मनासारखं झालं म्हणायचं. एक गोष्ट सोडून.

मोठे साहेब येऊ लागले. आधी महिन्यातून एकदा, मग दर आठवड्याला, दुपारच्या सुट्टीत, टायसाहेबांना न सांगता. फितीशी उभे राहायचे. इकडची तिकडची एकदोन वाक्यं बोलायचे आणि मग आवाज खाली आणून विचारायचे,

"दाजी, खरं सांगा. मी वर गेलो होतो ना? कसा दिसत होतो?"

उभी हयात ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो प्रश्न. कोणीतरी उतरून, मैदान ओलांडून, दाजींच्या टोकापर्यंत चालत येऊन विचारलेला. दाजींना सगळं ठाऊक होतं. पंख किती सरळ होता, साहेब किती ताठ बसले होते, चाकाखालून उजेड कसा आधी केसाएवढा आणि मग हातभर उघडत गेला. खरं तर छान उचललं होतं. पहिल्यांदा जाणारी माणसं इतकी स्थिर बसत नाहीत. जिभेच्या टोकावर होतं. पण साहेबांना सांगितलं म्हणजे दाजींनीही बघितलं हे संध्याकाळी पाहुण्यांना कळणार, पाहुण्यांकडून मॅडमना, आणि चौकशी संपली.

"गवत वाढलेलं होतं, साहेब," दाजी म्हणायचे.

साहेब मान हलवून जायचे. पुढच्या आठवड्यात परत यायचे.

एकदा आले ते काही विचारलंच नाही. उन्हातून चालत आले होते, घामाघूम झाले होते. छपराच्या सावलीसाठी फीत उचलून आत शिरले. हे नियमात बसत नव्हतं, पण नियम लावायला मॅडम नव्हत्या. दाजी डबा झाकून उठले. साहेब रिळावरच्या तारेकडे, दांड्यांकडे, पिंजऱ्यातल्या झिजलेल्या खुर्चीकडे बघत राहिले.

"तुम्ही इथून ओढायचे सगळ्यांना?"

"इथून."

"आणि ते एवढ्या लांब?" साहेबांनी पट्टीच्या पलीकडच्या टोकाकडे हात केला. "तिथून येणारं इथून दिसायचं कसं?"

दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेब स्वतःबद्दल विचारत नव्हते.

"आधी नुसती रेघ दिसते," दाजी म्हणाले. मग थांबले, खिशातलं फडकं काढून त्यांनी खुर्ची पुसली. "बसा आत. तिथे बसल्याशिवाय नाही कळायचं."

साहेब पिंजऱ्यात बसले. खुर्ची त्यांना अंमळ घट्टच झाली.

"आणि हा दांडा कशाचा?"

"ढील काढायचा. त्याच्याकडे येतो मी, आधी समोर बघायला शिका. घाई काही नाही, साहेब. चौकशीला अजून पुष्कळ वेळ लागणार आहे."